पाणी मागणारा हवालदार

ज्याच्या घरी बसून तुम्ही पाणी प्यालात, ज्याच्या चुलीवरची भाकरी खाल्लीत, त्या माणसाला स्वतःच्या हाताने नेऊन पोलिसांच्या दारात उभं कराल का? घाई करू नका. 'गुन्हेगार असेल तर करू' हे उत्तर मलाही येतं. वक्तृत्व स्पर्धेत मी ते टाळ्या घेत दिलेलं आहे. तो गुन्हेगार नाही हे तुम्हाला ठाऊक असताना काय कराल, ते मी विचारते आहे.

हा प्रश्न मला जगन्नाथ आबांमुळे पडला. आबांनी तो तोंडाने कधीच विचारला नाही. ते तो प्रश्न अंगावर घेऊन धुळ्याच्या रस्त्यांवरून सायकल चालवत राहिले, आणि आता ते नाहीत तर तो माझ्या उंबऱ्यात येऊन बसला आहे.

आबा पोलिसांच्या गोपनीय शाखेत हवालदार होते. अख्ख्या धुळ्याला हे ठाऊक होतं. आमच्याकडे गोपनीय शाखा फक्त नावालाच गोपनीय असते. खाकी ते घालत नसत. पांढरा पायजमा, वर बाह्या कधीही न दुमडलेला शर्ट, आणि घंटी नसलेली सायकल. घंटी का नाही विचारलं तर म्हणायचे, "मी येतोय हे लोकांना आधीच कळतं. अजून वाजवू कशाला?" गाव पिंपळनेरच्या पलीकडचं, घरची कोरडवाहू शेती. खुशीत असले की अहिराणी बोलत, कचेरीत पुस्तकी मराठी, आणि राग आला की हिंदी. त्यांची हिंदी मी फार थोड्या वेळा ऐकली.

माझे वडील, ज्यांना सगळी गल्ली नाना म्हणते, ते एका खोलीत छपाईचं ट्रेडल मशीन चालवायचे. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं जिवासाठी. मोर्चा, जयंती, संप, सभा, कोणाचंही असो, गरिबाचं पत्रक असलं की नाना कागदाच्या भावात छापून देत. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मी 'कमळ' आणि 'गणपती'च्या आधी वाचलं. आणि प्रत्येक पत्रकाची शाई वाळायच्या आत आबा हजर. एक प्रत नेणं हे त्यांचं सरकारी कामच होतं.

"भाऊ, यावेळी पत्रक थंड आहे," ते नानांना म्हणायचे. "घरी कोणी आजारी आहे का?"

"तुमच्या साहेबांना थंडच बरं, आबा."

"साहेब वाचतो कुठे? मी वाचतो. मला तरी चव लागू दे."

बसायच्या आधी ते आईकडे वळून पाणी मागत. "अक्का, पाणी द्या." आम्ही बौद्ध. आमच्या घरचं पाणी न पिण्यासाठी माणसं किती तऱ्हेच्या सबबी सांगतात, त्याची आईला चांगली ओळख होती. आत्ताच चहा झाला, घसा धरलाय, आज उपास आहे. आबा पेला घेऊन, ओठ लावून, शेवटच्या थेंबापर्यंत पीत आणि पेला स्वतः मोरीत नेऊन ठेवत. आई त्या एका पेल्यासाठी त्यांचं पोलिस असणं माफ करायची.

मी करत नव्हते. मी कॉलेजात गेले होते आणि मला सगळं समजायला लागलं होतं. मी एकदा तोंडावर विचारलं, "आबा, तुम्ही पाणी पिता ते माणूस म्हणून, की माहिती काढायला?"

आई आतून ओरडली. आबा हसले. "पुढारीणबाई, ऐक. पाणी प्यायल्याशिवाय कोणाला काही विचारू नये. तहानलेला माणूस घाईत असतो, आणि घाईतला पोलिस हात उचलतो. एवढंच शिकलोय नोकरीत."

ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण त्यांनी हात उचलल्याचं धुळ्यात कोणी सांगत नसे, हेही मला लिहिलं पाहिजे.

माझं पहिलं पत्रक निघालं तेव्हा नानांनी ते कौतुकाने मोठ्या टाइपात जुळवलं. आबांनी उभ्यानेच वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मग म्हणाले, "रक्त फार सांडलंयस गं. पाहिलंयस का कधी?"

मी म्हटलं, "तुम्ही पाहिलंय म्हणून तुम्ही गप्प बसता."

"हां. हे मात्र खरं आहे," ते म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून गेले. मला भांडायचं होतं. त्यांनी भांडूच दिलं नाही.

मग ती वर्षं आली. नव्वद सालानंतरची. तेव्हा माझ्या वयाची पोरं चौकात बसून एकमेकांना जुन्या जखमा दाखवायची, ज्या त्यांना झालेल्याच नव्हत्या. पत्रकंसुद्धा बदलली. नाना काही परत पाठवू लागले. "हे मी छापणार नाही," ते सांगत, आणि पोरं दुसरीकडून छापून आणत.

एका दुपारी भाड्याच्या एका खोलीत स्फोट झाला. आतल्या चौघांपैकी तिघे पळाले. चौथ्याचा उजवा हात मनगटापासून गेला. चौघेही आमच्याच शहरातले. कोणत्या धर्माचे ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुमच्यातले अर्धे पुढचं वाचणार नाहीत आणि उरलेले अर्धे तेवढंच वाचतील.

सिव्हिल हॉस्पिटलात त्या पोराच्या खाटेपाशी साहेब लोक उभे राहून विचारत होते. पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. आबा आले, स्टूल ओढून बसले, आणि चमच्याने त्याच्या ओठांवर पाणी घालत राहिले. काही विचारलं नाही. तिथल्या परिचारिकेने हे पुढे आईला सांगितलं. ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत पोरगा रडायला लागला आणि आपणहून बोलला. बॉम्बचे आणखी डबे भरून ठेवलेले होते. एका गोठ्यात, कडब्याखाली. बाजाराच्या दिवशी ते एसटी स्टँडवर ठेवायचं ठरलं होतं.

डबे सापडले. बाजाराचा दिवस आला आणि गेला. स्टँडवर बाया गाठोडी घेऊन बसल्या, पोरं उसाचा रस प्यायली, गाड्या सुटल्या. त्या दिवशी स्टँडवर माझी आईही होती, मावशीकडे निघालेली. पोलिसांवर मी आजवर पुष्कळ लिहिलं आहे आणि त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण माझी आई त्या दिवशी मावशीकडे पोचली ती आबांच्या चमचाभर पाण्यामुळे, हेही त्याच शाईने लिहायला हवं.

राहिला एक प्रश्न. डब्यांत जिलेटिन होतं. ते आलं कुठून?

इथे आमच्या भागातली एक रीत सांगावी लागते. साक्री-पिंपळनेरकडे जमिनीखाली काळा खडक. विहीर म्हणजे सुरुंग, आणि सुरुंग म्हणजे जिलेटिनच्या कांड्या. परवाना ठेकेदाराचा असतो, पण कांड्या विहिरी फोडणाऱ्या माणसांच्या घरात असतात, कोरड्या जागी, कणगीच्या मागे. काम अडलं की एक जण दुसऱ्याकडे मागतो. विरजण मागावं तसं. "चार कांड्या दे रे, पुढच्या आठवड्यात परत करतो." कोणी नाही म्हणत नाही. खडक लागलेला असताना नाही म्हणणं हे तिकडे पाप आहे.

सुपडू अशा विहिरी फोडणाऱ्यांपैकी एक. पिंपळनेरच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत राहायचा. त्या चौघांतला एक जण त्याच्या बायकोच्या माहेरचा. तो आला, सुपडूला मामा म्हणाला, काकाच्या विहिरीत खडक राहिलाय म्हणाला. सुपडूने कांड्या दिल्या.

आबा तिथे एसटीने गेले. जीप नको म्हणाले. दारात उभं राहून हाक मारली, "माय, पानी दे वं." सुपडूच्या बायकोने, देवकाने, तांब्या आणला. जेवायची वेळ होती, म्हणून त्यांना बसवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा, वर तेल. जेवण अर्धं झाल्यावर आबांनी विषय काढला आणि सुपडूच्या हातातला घास तसाच राहिला.

"माले मामा म्हने तो, आबा," सुपडू म्हणाला. "नही कसं म्हनू?"

"बठ्ठं खरं सांगी दे," आबा त्याच्याच बोलीत म्हणाले. "तू साक्षीदार शे. तुले काही व्हनार नही. मन्हा शब्द शे." आणि त्यांनी ताटातल्या भाकरीवर हात ठेवला.

हे मला पुढे देवकाने सांगितलं. भाकरीवरचा हात दाखवताना तिने स्वतःचा हात हवेत तसाच धरून ठेवला होता.

दोघे एसटीने धुळ्याला आले. सुपडू खिडकीशी. स्टँडवर उतरल्यावर आबांनी त्याला रस पाजला आणि चालत कचेरीत नेलं. सुपडूने जे होतं ते सांगितलं. आबांना वाटलं, काम झालं.

पण तेव्हा टाडा नावाचा कायदा होता. मोठ्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्या कायद्याने कोर्टात चालायचा, आणि आत गेलेल्याला जामीन दुर्मिळ. पळालेले तिघे सापडले होते, पण वर दाखवायला कट मोठा हवा होता. स्फोटकं पुरवणारा नसेल तर कट कसला? सुपडू साक्षीदाराचा आरोपी झाला. कागदावर लिहिलं गेलं की तो धुळे स्टँडवर पळून जाण्याच्या बेतात असताना हवालदारांनी त्याला धरलं.

आबा साहेबांकडे गेले. आत काय झालं ते कचेरीतल्या एकाने नानांना सांगितलं.

"साहेब, मी त्याला घरून आणलाय. शब्द देऊन."

"स्टँडवर होता की नाही तो?"

"होता. माझ्याबरोबर होता."

"मग स्टँडवर सापडला. खोटं काय त्यात?" आणि मग साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "हवालदार, शब्द तुम्ही दिला. सरकारने नाही दिला."

आबांनी सही केली.

इथे मला थांबून शिव्या द्यायच्या आहेत. त्या कायद्याला, त्या साहेबाला, त्या सहीला. पत्रक असतं तर दिल्या असत्या. पण मी त्या काळातले आबा पाहिले आहेत, आणि तो चेहरा आठवला की शिवी अर्धीच राहते.

त्यानंतर ते प्रेसवर आले ते सायकलच्या दांड्याला प्लास्टिकची बाटली बांधून. पत्रक घेतलं. आईने पेला पुढे केला. त्यांनी मान हलवली आणि ते स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले.

आईने पेला मागे घेतला, पण पुढच्या वेळीही तेच झालं तेव्हा तिचा तोल गेला. "आबा, इतकी वर्षं आमचं पाणी चाललं. आता काय झालं? तुमच्या घरात कोणी बोललं का?"

आबांचा चेहरा राखेसारखा झाला. "अक्का, तसं मनात आणू नका. तुमचं पाणी चांगलंच आहे. मी कुठल्याच घरचं पीत नाही आता."

"का?"

"प्यायलो की लोक विश्वास ठेवतात."

ते गेले तेव्हा तो भरलेला पेला आईच्या हातातच होता. मग तिने तो परत माठात ओतला.

सुपडू आत होता. खटला उभा राहायला वर्षं गेली. आबा सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून त्याच्या वस्तीवर जात. नुसते ओट्यावर बसत. पहिल्या वेळी, घशाला कोरड पडली म्हणून की जुन्या सवयीने, कोण जाणे, त्यांनी दाराकडे पाहून "माय" एवढंच म्हटलं. देवका दारात आली.

"आबा, पानी मांगू नका. तुम्ही पानी पितस आनि मानूस लई जातस." पाणी पिता आणि माणूस घेऊन जाता.

ते उठून गेले नाहीत. एसटीची वेळ होईपर्यंत बसले. पुढेही जात राहिले, आणि पुन्हा कधी त्या दाराकडे पाहून हाक मारली नाही. वस्तीतली पोरं त्यांना 'बाटलीवाला आबा' म्हणायची.

खटल्याच्या वेळी मी एका छोट्या साप्ताहिकात लिहीत होते. आबांची साक्ष होती त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. आबांची निवृत्ती तोंडावर आली होती. कागदावर होतं तेवढं म्हणाले असते तर पेन्शन, निरोपाचा नारळ, सगळं जागच्या जागी मिळालं असतं, आणि सुपडू आयुष्यभर आत गेला असता. एवढ्याचसाठी तो दिवस होता. सुपडू आरोपींच्या बाकावर बसून त्यांच्याकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

सरकारी वकिलांनी सवयीने विचारलं, "आरोपी धुळे स्टँडवर पळून जात असताना तुम्हाला मिळाला. बरोबर?"

"नाही साहेब."

वकिलांनी मान वर केली. "मग कुठे मिळाला?"

"त्याच्या घरी. ताटावर. आम्ही दोघं जेवत होतो. कळण्याची भाकर होती आणि ठेचा."

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीश म्हणाले, "हवालदार, मुद्द्याचं बोला."

"हाच मुद्दा आहे साहेब. आरोपी आपल्याबरोबर जेवत असेल तर तो पळत नसतो."

"कागदावर सही तुमची आहे ना?" वकिलांचा आवाज चढला.

"सही माझी आहे. मजकूर खोटा आहे. त्याच्याकडून कांड्या गेल्या त्या विहिरीसाठी म्हणून गेल्या. त्याला साक्षीदार करतो असा शब्द मी दिला होता. तो बाकावर आहे तो माझ्यामुळे आहे."

सरकार पक्षाने त्यांना फितूर जाहीर केलं. बाहेर व्हरांड्यात त्यांच्याच खात्यातली माणसं त्यांच्या अंगावरून निघून गेली. एक जण जाताजाता म्हणाला, "आबा, म्हातारपणी नाव घालवलंत." आबा म्हणाले, "नाव कधीच गेलं होतं रे. तुला आज दिसलं."

हात गेलेला पोरगा आणि त्याचे तिघे साथीदार शिक्षेला गेले. जायलाच हवे होते. सुपडू सुटला. आबांवर चौकशी लागली, पेन्शन अडकली, आणि त्याबद्दल ते कुठेही एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, पत्रक काढू, नाना छापतील. ते म्हणाले, "पुढारीणबाई, माझ्यावर नको. माझ्यावर पत्रक काढलंस तर त्यात मी चांगला माणूस दिसेन." म्हणून हे लिहायला मी त्यांच्या मरणापर्यंत थांबले.

सुपडू घरी आला, पण काम आलं नाही. ज्याचं नाव बॉम्बच्या बातमीत छापून आलं, त्याला विहिरीवर कोण बोलावणार? तो निर्दोष सुटल्याची बातमी आतल्या पानावर, तळाशी होती. वस्तीतल्या लोकांनी त्याच्याशी भांडण केलं नाही की शिवी दिली नाही. ते फक्त त्याच्या ओट्यावर बसेनासे झाले. जाणारायेणारा तहानलेला असला तरी पुढच्या घरापर्यंत जायचा. पाणी न पिण्याची ही रीत माझ्या ओळखीची आहे. आमच्या माणसांवर ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिला नवं गिऱ्हाईक मिळालं होतं, एवढंच.

आबांना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. एका कोरड्या उन्हाळी दुपारी मी त्यांच्याबरोबर एसटीने गेले. आबा खूप वाळले होते. ओट्याच्या एका टोकाला ते बसले, दुसऱ्या टोकाला सुपडू. दोघांच्या मधल्या जागेत एक कोंबडी फिरत होती. शेवग्याला यंदा शेंगा कमी, एवढं एक वाक्य झालं.

मग सुपडू उठला, आत गेला, आणि तांब्या घेऊन आला. देवका दारात उभी होती. तिने अडवलं नाही. त्याने तांब्या आबांसमोर ठेवला.

"पी ल्या आबा," तो म्हणाला. "आते इचारानं काही राहिनं नही."

विचारायला आता काही उरलेलं नाही, म्हणून प्या. यापेक्षा मोठी माफी मी ऐकलेली नाही, आणि यापेक्षा मोठी शिक्षाही.

आबांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला. ओठांपर्यंत नेला. ते तसेच थांबले. मग त्यांनी तांब्या जसाच्या तसा खाली ठेवला, सुपडूच्या गुडघ्याला हात लावला आणि म्हणाले, "गाडी येईल."

गाडी निघाली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिलं. देवका तांब्यातलं पाणी शेवग्याच्या बुडाशी ओतत होती. आबांनी मागे पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतली बाटली काढली. ती रिकामी होती. त्यांनी तिचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. समोरच्या बाईकडे घागर होती, माझ्याकडे बाटली होती. मी पुढे केली. त्यांनी हाताने नको म्हटलं आणि ओठ मिटून, समोर बघत, धुळ्यापर्यंत तसेच बसून राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. मी त्यांना संत म्हणणार नाही, त्यांनी तशी सोय ठेवलेली नाही. पण वाचकहो, मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझ्या लिखाणाच्या शेवटी मागणी असते, आणि ती बहुतेकदा सरकारकडे असते. ही तुमच्याकडे आहे. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेल. कोणाचं तरी नाव कधीतरी पेपरात आलं, मग ते खोटं ठरलं, आणि तरीही त्या ओट्यावर कोणी बसत नाही. कोणतं घर ते तुम्हाला नक्की ठाऊक आहे. हा कागद खाली ठेवा आणि तिथे जा. दिवसाउजेडी जा, शेजाऱ्यांना दिसेल असे जा. दारात उभे राहून पाणी मागा, ओठ लावून प्या, पेला रिकामा करा.

आणि त्यांना काहीही विचारू नका.